‘पारंपरिक’ नावाचा संगीतकार : ‘म्बुबे’चं प्रकरण

गाणं जेमतेम पावणेतीन मिनिटांचं. खाली चार-पाच जाड पुरुषी आवाज एकच शब्द घोळवत राहतात. वर एक उंच, पातळ आवाज आरोळी आणि आलाप यांच्या मधल्या जागेत भिरभिरतो. पियानो, बँजो, गिटार यांची साथ असून नसल्यासारखी. बराच वेळ हेच चालतं. मग तबकडी संपायला थोडंच उरलेलं असताना तो वरचा आवाज एक ओळ घेतो. पंधराएक सूर असतील. ओळ वर चढते, क्षणभर रेंगाळते आणि पायरी-पायरीने खाली उतरते. मग गाणं आटोपतं.

ही ओळ बहुतेकांनी ऐकलेली आहे, फक्त ती या तबकडीवर ऐकलेली नाही. ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ या इंग्रजी गाण्याची मुख्य चाल म्हणजे हीच ओळ. सिंह झोपलाय असं सांगणारं हे गाणं १९६१ साली अमेरिकेत गाजलं, १९९४ साली डिस्नेच्या ‘द लायन किंग’मध्ये एका मीरकॅटच्या (मुंगसासारख्या प्राण्याच्या) आणि रानडुकराच्या तोंडी आलं आणि मधल्या काळात कित्येक भाषांत, कित्येक गळ्यांतून फिरलं. मूळ तबकडी १९३९ सालची, जोहान्सबर्गची. तिचं नाव ‘म्बुबे’, म्हणजे झुलू भाषेत सिंह. गायकाचं नाव सॉलोमन लिंडा.

कव्हर व्हर्जनांचा, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्यांनी पुन्हा गाऊन काढलेल्या आवृत्त्यांचा, इतिहास सांगताना कुणी कधी गायलं, चार्टवर कितवा नंबर लागला, याची यादी देण्याची पद्धत आहे. तीही थोडी देईन. पण या प्रकरणात माझं लक्ष तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदाकडे आहे. त्या कागदावर गाण्याच्या नावाखाली कंसात, बारीक टायपात, रचनाकाराचं नाव छापतात. ते नाव पन्नासेक वर्षं बदलत राहिलं आणि पैसा त्या नावामागे गेला. लिंडाला एखाद्या खलनायकाने लुबाडलं असं हे प्रकरण नाही. तसं असतं तर ते सोपं झालं असतं. इथे जवळपास प्रत्येक टप्प्यावर एक भला माणूस आहे आणि एक शब्द आहे : पारंपरिक.

तिसरा टेक

लिंडाचा जन्म १९०९ सालचा, दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या म्सिंगा भागातला. शिक्षण मिशनच्या शाळेत. तिथे चर्चमधली सामूहिक गाणी कानावर पडली. १९३१ साली तो जोहान्सबर्गला आला, आधी फर्निचरच्या दुकानात लागला, पुढे कार्लटन हॉटेलात. ‘इव्हिनिंग बर्ड्स’ नावाच्या मामांच्या गायकचमूत तो गात होता. ती मंडळी पांगली तेव्हा तेच नाव ठेवून त्याने स्वतःचा चमू उभा केला. सहा गायक, सगळे म्सिंगाकडचे. लिंडा अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. पट्ट्यापट्ट्यांचे सूट, हॅट, दुरंगी बूट असा थाट करून ही मंडळी शनिवारी रात्री कामगारांच्या वसतिगृहांमध्ये स्पर्धांना उभी राहत. अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून एखादा गोरा माणूस रस्त्यावरून बोलावून आणायची चाल होती, कारण त्याला कुठल्याच चमूशी देणंघेणं नसे. गंमत म्हणून हे सांगितलं. पण गाण्याचा निवाडा त्यातलं काही न कळणाऱ्याकडे सोपवण्याची ही तऱ्हा या प्रकरणात पुढे पुन्हा भेटेल, आणि तेव्हा ती गमतीची नसेल.

लिंडाने गायकीत केलेला बदल लहानसा होता, पण त्याचा परिणाम मोठा झाला. खर्जातले आवाज त्याने वाढवले. एकाऐवजी तिघं जण खालची बाजू धरू लागले. त्यामुळे खाली भक्कम जमीन तयार झाली आणि वर त्याला एकट्याला मोकळं रान मिळालं. हा वरचा आवाज फॉल्सेटो, म्हणजे पुरुषाने छातीचा आवाज सोडून पातळ, उसन्या गळ्यात गाणं.

एरिक गॅलोची कंपनी तेव्हा तिथली एकमेव ध्वनिमुद्रण कंपनी म्हणावी अशी होती. तिच्यासाठी नवे गायक हेरण्याचं काम ग्रिफिथ्स मोत्सिएलोआ करत असे. त्याने या चमूला स्टुडिओत आणलं. ‘म्बुबे’चे पहिले दोन टेक जमले नाहीत. तिसऱ्यात लिंडाने शेवटाकडे ती ओळ घेतली, आधी न बसवलेली, तिथल्या तिथे सुचलेली.

तबकडी विकली गेली. १९४०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिच्या सुमारे १ लाख प्रती खपल्याचं सांगतात. लिंडाला हक्कापोटी १० शिलिंग मिळाले असंही सगळीकडे नोंदलेलं आहे. गॅलोच्याच कारखान्यात तो तबकड्या बांधण्याच्या कामावर होता. स्वतःचं गाणंही त्याने गठ्ठ्यांनी बांधलं असणार.

आणि या तबकडीचा दक्षिण आफ्रिकेत इतका पगडा बसला की अशा गायकीच्या प्रकारालाच लोक ‘म्बुबे’ म्हणू लागले. हे लक्षात असू द्या. परंपरा आधी होती आणि त्यातून हे गाणं निघालं, असा इथला क्रम नाही. गाणं आधी आलं आणि परंपरेला त्याचं नाव मिळालं.

एका ‘बे’चं ‘वे’ होतं

लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांच्या हाती न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकन तबकड्यांचा एक गठ्ठा लागला. तो त्यांनी मित्राकडे, पीट सीगर यांच्याकडे पोचवला. सीगर म्हणजे बँजो घेऊन मजुरांच्या सभांत गाणारा, कमालीचा सालस माणूस. ‘म्बुबे’ त्यांना इतकं आवडलं की ते पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी सूर कागदावर उतरवले. शब्द मात्र ऐकून जसे वाटले तसे लिहिले.

खालचे आवाज घोळवतात तो शब्द ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’. झुलूमध्ये शेवटच्या ‘बे’मधला ब आपल्या ब-सारखा ओठ फोडून म्हणत नाहीत. ओठांशी हवा किंचित आत ओढून तो मऊ होतो. सरावलेला कान नसेल तर त्याचा ‘व’ ऐकू येतो. सीगर यांनी लिहिलं : ‘विमोवे’. या शब्दाला कुठल्याही भाषेत अर्थ नाही. आज जगात ‘उयिम्बुबे’ म्हणता येणाऱ्यांपेक्षा ‘विमोवे’ म्हणणारे किती पटींनी जास्त असतील याची कल्पना करवत नाही. चुकीचं ऐकणं हा गुन्हा नाही. गाणी अशीच प्रवास करतात. पण या एका अक्षराने मूळ शब्दाचा अर्थ पुसला, आणि अर्थ नसलेल्या गोष्टीला मालक असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

सीगर यांच्या ‘द वीव्हर्स’ या चौघांच्या चमूने १९५१ साली डेक्का कंपनीसाठी ‘विमोवे’ ध्वनिमुद्रित केलं. गॉर्डन जेनकिन्स यांचा भलामोठा वाद्यवृंद साथीला होता. ही आवृत्ती आज ऐकताना जरा हसू येतं. पितळी वाद्यं अशी तुटून पडतात की सिंहाने पळ काढावा. त्या गोंगाटाच्या वर सीगर लिंडाच्या आरोळ्या ओरडतात आणि तिसऱ्या टेकमधली ती ओळही घेतात, शब्दांशिवाय, आवेशात. १९५२च्या सुरुवातीला गाणं चार्टवर चढू लागलं आणि नेमक्या त्याच वेळी एका खबऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे वीव्हर्स कम्युनिस्ट असल्याची साक्ष दिली. रेडिओने हात आखडता घेतला, कार्यक्रम रद्द झाले, डेक्काने पाठ फिरवली. मजुरांच्या हक्कांसाठी गाणाऱ्या या मंडळींची रोजी गेली. आणि त्यांच्याच त्या तबकडीवर जोहान्सबर्गमधल्या एका मजुराचं नाव नव्हतं.

नाव होतं ‘पॉल कॅम्पबेल’. असा कुणी माणूस नव्हता. जुन्या लोकगीतांची नवी मांडणी करताना वीव्हर्स हे टोपणनाव वापरत. त्यामागचा व्यवहार समजून घ्यायला हवा, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर तोललेलं आहे. गाणं छापलं, वाजलं, विकलं की रॉयल्टी जमा होते. ढोबळमानाने तिचा अर्धा वाटा प्रकाशकाचा, अर्धा रचनाकाराचा. गाणं पारंपरिक असेल तर रचनाकार कुणीच नसतो. मग तो वाटा वाऱ्यावर सोडायचा का? तर नाही. जो पारंपरिक गाण्याची ‘मांडणी’ करतो तो त्या मांडणीपुरता रचनाकार ठरतो आणि वाटा उचलतो. अमेरिकेतल्या संगीत प्रकाशनाच्या धंद्यात हे सर्रास चाले आणि कायद्याला मान्यही होतं. वीव्हर्सचे प्रकाशक हाउवी रिचमंड यांनी ‘विमोवे’ला हाच साचा लावला.

पण साचा लावायला एक अट लागते : गाणं खरोखर निनावी असलं पाहिजे. ‘म्बुबे’ निनावी नव्हतं. ते १२-१३ वर्षांपूर्वी विकल्या गेलेल्या, गायकांचं नाव छापलेल्या तबकडीवर होतं. आफ्रिकेतून आलेलं, काळ्या माणसांनी गायलेलं, न कळणाऱ्या भाषेतलं. तेव्हा ते लोकगीतच असणार, असं धरून चालले. वसतिगृहातल्या त्या परीक्षकाची आठवण मला इथे होते.

सीगर यांना पुढे रचनाकार कोण ते कळलं. त्यांनी लिंडाला १,००० डॉलरचा चेक पाठवला आणि आपल्या वाट्याचे पैसे त्याच्याकडे जावेत असं प्रकाशकांना सांगितलं. ते नियमित जातात का, हे त्यांनी पाहिलं नाही, आणि उतारवयात त्यांनी याबद्दल खंत बोलून दाखवली. मला ते दोषी वाटतात का? थोडेसे वाटतात. एका चेकने मन हलकं होतं, आणि मन हलकं झालेला माणूस पाठपुरावा करत नाही. करार बदलून घेतला असता तर पुढची पन्नास वर्षं वेगळी गेली असती.

सिंह जंगलात शिरतो

१९५५ साली नाताळच्या आदल्या संध्याकाळी वीव्हर्स पुन्हा एकत्र आले आणि न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायले. त्या मैफलीच्या तबकडीवरही ‘विमोवे’ आहे आणि यात वाद्यवृंदाचा धुडगूस नाही. ही तबकडी ब्रुकलिनमधल्या जे सीगल नावाच्या पोराने घोकली. तो ‘द टोकन्स’ या चमूचा मुख्य गायक, आणि त्याचा फॉल्सेटो अप्रतिम होता.

टोकन्स आरसीए कंपनीत गेले तिथे ह्यूगो पेरेट्टी आणि लुइजी क्रिएटोरे हे निर्माते होते. त्यांनी गीतकार जॉर्ज डेव्हिड वाइस यांना गाठलं आणि हे गाणं नीट करून द्यायला सांगितलं. वाइस यांनी जे केलं त्याला कारागिरी म्हणून दाद दिलीच पाहिजे. त्यांनी आरोळ्या काढून टाकल्या. खालचा घोष ‘विमोवे’ म्हणून तसाच ठेवला. आणि शेवटाकडे एकदा चमकून जाणारी ती पंधरा सुरांची ओळ उचलून गाण्याच्या मधोमध आणली, तिच्यावर साधे, पोरालाही पाठ होतील असे शब्द बसवले. लिंडाच्या तबकडीवर जी हरकत होती तिचा मुखडा झाला. जोडीला अनिता डॅरियन या शिकलेल्या सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या, गायिकेचा शब्दहीन आवाज वरून तरंगत जातो. हेडफोन लावून ऐकलंत तर सीगल आणि डॅरियन यांच्या आवाजांचा सांधा एके ठिकाणी सापडतच नाही, कोण कुठे थांबलं आणि कोण कुठून निघालं ते.

खुद्द टोकन्सना हे गाणं लाजिरवाणं वाटलं होतं. ते ‘टीना’ नावाच्या गाण्याच्या पाठीमागे, बी बाजूला टाकलं गेलं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली. १८ डिसेंबर १९६१ला ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं.

सिंह जंगलात राहत नाही, तो गवताळ माळावर राहतो, म्हणून वाइस यांच्या शब्दांची टिंगल नेहमी होते. मला मात्र इथे वेगळीच गंमत दिसते. ‘जंगल’ हा शब्द इंग्रजीत आपल्याकडून गेला. आणि मुळात संस्कृतातला ‘जांगल’ म्हणजे घनदाट अरण्य नव्हेच. आयुर्वेदात ‘जांगल देश’ म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडांचा मुलूख. दाट आणि दलदलीचा तो ‘अनूप’. म्हणजे शब्दाच्या जुन्या अर्थाने वाइस यांचा सिंह बरोबर जागी झोपला आहे. त्यांना याचा पत्ता असण्याचं कारण नाही.

कागदावर आता तीन नावं आली : वाइस, पेरेट्टी, क्रिएटोरे. लिंडाचं नव्हतं. विरोधाभास असा की त्याच आरसीएने १९६० साली गायिका मिरियम मकेबा यांची तबकडी काढली होती. तीवर ‘म्बुबे’ झुलूमध्येच होतं आणि श्रेय ‘लिंडा’ या नावाला होतं, आद्याक्षर चुकलं तरी आडनाव बरोबर. मकेबा जोहान्सबर्गच्याच. त्यांच्या लेखी हे गाणं पारंपरिक कधीच नव्हतं.

लिंडा १९५९ साली रंगमंचावर कोसळला. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. १९६२ साली तो गेला, टोकन्सचं गाणं जगभर वाजत असताना. बँकेत २५ डॉलरसुद्धा नव्हते. थडग्यावर दगड बसायला पुढची १८ वर्षं लागली.

नकलेची नक्कल

यापुढच्या कव्हरची गोष्ट भराभर सांगतो. ब्रिटनमध्ये १९६२ साली ग्लासगोचा कार्ल डेन्व्हर ‘विमोवे’ नावाने हेच गाणं थेट यॉडलिंगच्या, म्हणजे छातीचा आवाज आणि फॉल्सेटो यांत झटक्याने उड्या मारण्याच्या, ढंगात गायला आणि चौथ्या क्रमांकावर पोचला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आंरी साल्वादोर यांनी ‘ल लियों ए मोर स स्वार’ गायलं. इंग्रजीतला सिंह झोपला होता, फ्रेंचमध्ये तो आज संध्याकाळी मेला. १९७२ साली रॉबर्ट जॉनची आवृत्ती अमेरिकेत तिसरी आली. तिच्या निर्मात्यांपैकी एक हँक मेड्रेस, म्हणजे टोकन्सपैकीच एक. १९७५ साली इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो यांनीही एक सिंगल काढली. १९८२ साली ब्रिटनमध्ये ‘टाइट फिट’ या चमूचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. पडद्यावर तिघं देखणी माणसं नाचत होती, मुख्य आवाज मात्र रॉय वॉर्ड या दुसऱ्याच चमूतल्या माणसाचा होता. ज्या गाण्यावर दुसऱ्याचं नाव आहे, ते दुसऱ्याने गायचं आणि तिसऱ्याने ओठ हलवायचे!

या सगळ्या आवृत्त्या एकापाठोपाठ ऐकल्या की एक गोष्ट कानाला खटकते. जवळपास सगळ्या टोकन्सची नक्कल आहेत. टोकन्सनी वीव्हर्सचं ऐकलं, वीव्हर्सनी लिंडाचं. सत्तरच्या दशकानंतरच्या पॉप आवृत्त्या मूळ तबकडीपर्यंत पोचल्याची खूण मला त्यांच्यात ऐकू येत नाही. एक साधी परीक्षा आहे. लिंडाच्या तबकडीत तीन स्वरसंगतींचं चक्र फिरतं, पहिली, चौथी, पुन्हा पहिली, पाचवी; पण वरचा आवाज त्या चक्राला चिकटून राहत नाही. तो उशिरा येतो, लवकर निघतो, मधेच गप्प बसतो. टोकन्सपासून पुढे तो आवाज चौकटीत बसला. तो छान बसला आहे, तक्रार नाही. पण लिंडाचं बेभरवशाचं वागणं, ज्याच्यामुळे ती ओळ आली की अंगावर काटा येतो, ते नंतरच्या कुणाकडेच नाही. स्वरलिपीत ते उतरत नाही. जे कागदावर उतरलं तेवढंच पुढे गेलं.

१९९२ साली आर.ई.एम. या चमूने ‘द साइडवाइंडर स्लीप्स टुनाइट’ काढलं. नावाची आणि सुरुवातीच्या हाळीची जवळीक लक्षात घेऊन त्यांनी आधी रीतसर परवानगी घेतली, पैसे मोजले. ते पैसे अर्थातच कागदावरच्या नावांकडे गेले.

मग ते पारंपरिक होतं की नव्हतं?

प्रतिपक्षाचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण ते अगदीच पोकळ नाही. तीन स्वरसंगतींचं चक्र लिंडाच्या मालकीचं नव्हतं. एकाने हाक द्यायची आणि इतरांनी उत्तर द्यायचं ही रीत त्याच्या आधीची. म्हणजे गाण्यात सामायिक माल भरपूर होता, हे खरं.

पण तो सामायिक माल तरी कुठला? १८९०च्या दशकात ऑर्फियस मॅकडू यांची अमेरिकेतल्या काळ्या गायकांची मंडळी दक्षिण आफ्रिकेत अनेक वर्षं दौरे करत फिरली. त्यांच्या चार आवाजांतल्या गायकीचा तिथल्या काळ्या गायकांवर खोल ठसा उमटला. त्यात मिशनच्या शाळांमधली चर्चची गाणी मिसळली, नाताळ प्रांतातल्या लग्नांतली गाणी मिसळली, शहरातल्या वसतिगृहांत हे सगळं घोटलं गेलं. लिंडाचं गाणं म्हणजे सूटबूट घातलेल्या, तिशीतल्या, शहरी माणसाचं आधुनिक काम आहे. त्याचा काही भाग तर अमेरिकेतून आलेला. तो माल आफ्रिकेत पक्का होऊन न्यूयॉर्कला परत गेला आणि तिथल्या लोकांना तो आदिम वाटला.

सामायिक माल वजा केला की उरते तिसऱ्या टेकमधली ती ओळ. ती कुणाची नव्हती, ती त्याच क्षणी त्या एका गळ्यातून निघाली. आणि नेमकी तीच ओळ वाइस यांनी उचलली. सामायिक भागाला हात लावून ते थांबले असते तर त्यांची बाजू मला पटली असती.

टाच

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या गाण्यावरून अमेरिकेत भांडण झालं, पण ते ‘विमोवे’चे प्रकाशक आणि वाइस यांचं. दोघांच्या मते गाणं आपलं. प्रकरण लवादापुढे गेलं, वाइस यांची सरशी झाली, आणि जाता जाता लिंडाच्या कुटुंबाला एक लहान वाटा द्यावा असं ठरलं. ‘द लायन किंग’ त्यानंतर आला.

२००० साली दक्षिण आफ्रिकी पत्रकार रियान मलान यांनी ‘रोलिंग स्टोन’ मासिकात या साऱ्याचा छडा लावणारा दीर्घ लेख लिहिला. गाण्याने एकूण दीड कोटी डॉलर रॉयल्टी मिळवली असावी, असा त्यात अंदाज होता. लिंडाची पत्नी तोवर वारली होती. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत मुली होत्या, त्यातली एक २००१ साली गेली.

कायद्याने पाहता त्यांच्या हाती काही नव्हतं. लिंडाने हक्क लिहून दिले होते, पुढे पत्नीने सही केली, मुलींनीही केली. कागद पक्के होते. मग स्वामित्वहक्काचे जाणकार वकील ओवेन डीन यांना एक जुनं कलम आठवलं. १९११चा ब्रिटिश साम्राज्याचा कॉपीराइट कायदा दक्षिण आफ्रिकेतही लागू होता. त्यात तरतूद अशी की लेखकाने हयातीत हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते त्याच्या वारसांकडे परत येतात आणि लेखकाने आधीच काही लिहून देऊन ही वाट बंद करता येत नाही. हिला ‘डिकन्स तरतूद’ म्हणतात. लिंडा वारला १९६२ साली. म्हणजे जुन्या साम्राज्यात जिथे जिथे हा कायदा चालत होता तिथे ‘म्बुबे’चे हक्क १९८७ सालीच त्याच्या मृत्युपश्चात मालमत्तेकडे परतले होते, आणि कुणालाच त्याची गंधवार्ता नव्हती. पत्नीच्या आणि मुलींच्या सह्या त्या मालमत्तेच्या वतीने केलेल्या नव्हत्या.

प्रतिवादी परदेशी असला तर दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाला त्याला हात घालता यावा म्हणून त्याची तिथली मालमत्ता अडकवून ठेवावी लागते. डिस्नेची तिथली मालमत्ता कोणती? ट्रेडमार्क. २००४ साली न्यायालयाच्या आदेशाने दोनशेहून जास्त ट्रेडमार्कांवर टाच आली. त्यात मिकी माउस होता, डोनाल्ड डक होता. म्सिंगाच्या लिंडाच्या मुलींनी मिकीला अडकवला, ही बातमी जगभर छापून आली. डिस्नेने गाणं चोरलं नव्हतं, त्यांनी कागदावरच्या मालकाकडून रीतसर परवाना घेतला होता. पण नाव मोठं असल्याशिवाय बातमी होत नाही, हे डीन यांना ठाऊक असणार.

खटला उभा राहण्याच्या तोंडावर, २००६च्या फेब्रुवारीत, तडजोड झाली. ती इंग्रजी गाण्याचे हक्क असलेल्या अबिलीन म्युझिकशी झाली. मागचे पैसे मिळाले, पुढची रॉयल्टी मान्य झाली, ‘म्बुबे’ हे मूळ आणि लिंडा सहसंगीतकार असं लिहून मिळालं. रक्कम गुप्त राहिली. कागदावर नाव आलं ते गाणं गायल्यानंतर ६७ वर्षांनी.

तडजोडीने एक गोष्ट मात्र अर्धवट सोडली. न्यायालयाचा निकालच न आल्यामुळे ‘डिकन्स तरतूद’ या गाण्याला लागू पडते का, हे कुणी अधिकृतपणे ठरवलं नाही. डीन यांच्या जागी मीही तडजोडच घेतली असती. मुली हातावर पोट असलेल्या, समोर वर्षानुवर्षं खटला चालवू शकणारी कंपनी. तरी जुन्या साम्राज्यातल्या इतर गायकांच्या वारसांना हाताशी धरता येईल असा निवाडा हुकला तो हुकलाच.

तडजोडीतली रॉयल्टी २०१७ साली थांबली. २०१९ साली ‘द लायन किंग’ नव्याने आला तेव्हा गाणं पुन्हा त्यात होतं.

दक्षिण आफ्रिकेत रचनाकाराचा हक्क मृत्यूनंतर ५० वर्षं टिकतो. लिंडाच्या बाबतीत ही मुदत २०१२ सालाबरोबर संपली. तेव्हापासून ‘म्बुबे’ तिथे सगळ्यांचं आहे. आता त्याची मांडणी कुणीही करू शकतो, परवानगी न मागता, पैसे न देता. अमेरिकेत १९६१ सालच्या गाण्याचा हक्क ९५ वर्षं चालतो. वाइस, पेरेट्टी आणि क्रिएटोरे यांच्या नावावरचं गाणं तिथे २०५६ सालच्या ३१ डिसेंबरपर्यंत राखीव आहे.